एकांची रांग आणि ‘बहुधा’ हा शब्द

मुलुंडहून कल्याणकडे जाणारी लोकल पकडली की ठाण्यापलीकडे डोंबिवली लागतं. या स्टेशनाचं नाव गणितात गेलेलं आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांना जी.आय.पी. रेल्वेच्या काळात तिथे एक कल्पना सुचली, आणि स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा डोंगर असाच चढतो आणि उतरतो.

आज आपल्याला डोंगर नको, त्याचा पायथा हवा. म्हणजे नुसत्या एकांची रांग, इंग्रजीत ‘रेप्युनिट’. यांतल्या मूळ संख्या कोणत्या?

११ मूळ आहे. १११ नाही, ती ३ × ३७. सहा एक घ्या: १११ आणि पुढे पुन्हा १११, म्हणजे १११ ने भाग जाणारच. तेव्हा एक किती आहेत ती मोजणी स्वतः मूळ नसेल, तर रांग मूळ असूच शकत नाही. उलट मात्र खरं नाही. पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९. ११ नंतरची मूळ रांग थेट १९ एकांची! मग २३, ३१७, १०३१. आणि मग एकदम ४९,०८१.

ही शेवटची रांग आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना फार छळते. हार्वे डबनर यांना ती १९९९ मध्ये सापडली, पण ‘बहुधा मूळ’ म्हणून. गणितात बहुधा? त्याचं असं आहे. फर्माच्या नियमानुसार, दोनहून मोठी कोणतीही मूळ संख्या घ्या. २ चा तिच्याहून एकने कमी इतका घात करून तिनेच भागला, की बाकी १ उरते. या चाचणीत नापास झालेली संख्या मूळ नाही, हे नक्की. पास झाली तर? ३४१ पाहा. २ चा दहावा घात १०२४. त्याला ३४१ ने भागून बाकी १. म्हणून ३४० व्या घातालाही बाकी १ च. पास! आणि ३४१ म्हणजे ११ × ३१.

नैयायिकांना हे अनोळखी वाटलं नसतं. धूर आहे तिथे अग्नी असतोच. पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेला लोखंडी गोळा, हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. इथे मूळ असणं हा धूर, चाचणी पास होणं हा अग्नी. आणखी कडक चाचण्या लावून शंका नाममात्र करता येते. ती अगदी शून्य मात्र होत नाही.

पक्की सिद्धता यायला २०२२ उजाडलं. पॉल अंडरवुड यांनी ती संगणकाच्या साहाय्याने दिली. संख्येचा एक अंकही बदलला नाही, फक्त ‘बहुधा’ खोडला गेला. त्यासाठी तेवीस वर्षं? व्यवहारी माणूस हसेल. आम्ही हसणार नाही. विश्वास आणि ज्ञान यांतलं अंतर इतकं नेमकं मोजलेलं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

याहून लांब, ८१,७७,२०७ एकांची एक रांग २०२१ मध्ये सापडली आहे. ती अजून ‘बहुधा’वरच बसली आहे. आणि अशा मूळ रांगा अनंत आहेत की कुठेतरी संपतात, याची सिद्धता कोणाकडेच नाही.