धूर जाण्याची वाट

१८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हांपासून वाफेची इंजिनें असेपर्यंत दौंडच्या फलाटावर उमटणारा भक्‌भक् आवाज निव्वळ गोंगाट नव्हता. काम करून सुटलेली वाफ धुरांड्यांतून जोरानें निघतांना भट्टींत हवा ओढून घेई व विस्तव फुलवी.

टाकाऊ वायूचा असा उपयोग चिमुकल्या इंजिनांतही होतो. शेजारच्या शिरूर तालुक्यांत बागांवर पाठीवरच्या ज्या यंत्रानें फवारणी होते, त्याचें इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असतें; विमानाच्या प्रतिकृतींतलेंही पुष्कळदां त्याच जातीचें. विमान जलद उडावें म्हणून पोरें आधीं सायलेन्सरच काढून टाकतात! आवाज वाढतो, आणि कानांना तोच वेग वाटतो. परंतु पुष्कळ इंजिनांत त्याच डब्यांतून निघालेली बारीक नळी इंधनाच्या टाकीला दाब पुरविते. तो गेला कीं इंधन अपुरें पडतें, इंजिन तापतें आणि प्रसंगीं विमान हवेंत असतांनाच बंद पडतें.

खरा उपाय, आधीं रुंदावत जाऊन पुढें निमुळती होणारी नळी बसविणें हा होय. धुराबरोबर निघालेली दाबाची लाट निमुळत्या भागावर आपटून परतते व निसटूं पाहणारें ताजें मिश्रण सिलिंडरांत मागें लोटते. तापलेल्या धुरांत लाट सेकंदास सुमारें ५०० मीटर धांवते. मिनिटास १५,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचें धूर सोडणारें द्वार दर फेऱ्यास सेकंदाच्या सुमारें सहाशेव्या भागापुरतेंच उघडें राहतें. तेवढ्यांत लाटेनें जाऊन परत यावयाचें, म्हणजे नळी हातभराहून थोडी कमीच हवी. फेरे वाढवावयाचे तर ती आणखी आखूड करावी लागते. मात्र एका वेळीं दोन-तीन मिलिमीटरच कापून, दरवेळीं इंजिन चालवून पाहावें.