रिबिनी किती उरल्या?

झोंबीनं मान वळवून पडद्याबाहेर पाहिलं आणि माझी मुलगी फिस्सकन हसली. पुढ्यातल्या प्रेताचे लचके तोडता तोडता मागे वळून बघणारं ते टकलं ध्यान एके काळी लोकांची झोप उडवायला पुरेसं होतं. आज चौदा वर्षांच्या पोरीला ते साबणाच्या वडीतून कोरल्यासारखं दिसतं. "बाबा, याला घाबरायचास तू?" मी हो म्हणालो आणि मग जरा विचारात पडलो. कारण ते तितकंसं खरं नव्हतं.

गेम 'रेझिडेंट इव्हिल'. जपानच्या ओसाकामधल्या कॅपकॉम कंपनीनं तो २२ मार्च १९९६ रोजी प्लेस्टेशनसाठी काढला. जपानमध्ये नाव 'बायोहॅझर्ड'. पोलिसांची एक खास तुकडी जंगलात हरवलेल्या साथीदारांना शोधायला जाते, कुत्री मागे लागतात म्हणून एका बंगल्यात शिरते आणि अडकते. बस्स. 'सर्व्हायव्हल हॉरर' हा शब्दप्रयोग या गेमनं स्वतःच्या सुरुवातीच्या पाटीवर मिरवला आणि तेव्हापासून तो एका अख्ख्या प्रकाराचं नाव होऊन बसला. पोलंडच्या गॉग कंपनीनं २०२४ च्या जूनमध्ये हा मूळ गेम आजच्या संगणकांवर चालेल असा करून पुन्हा विकायला ठेवला. मी तो घेतला. पंचवीस वर्षांची उधारी होती.

झालं असं, की १९९९ च्या मे महिन्यात आखातातून आलेल्या मामेभावानं प्लेस्टेशन आणला, पण मेमरी कार्ड आणायला विसरला. त्यामुळे खेळ साठवायची सोयच नव्हती. रोज दुपारी पहिल्यापासून सुरुवात. त्या सुटीत आम्ही चौघांनी गेमचा पहिला तास बहुधा तीसेक वेळा खेळला असेल. जेवणाच्या खोलीतलं घड्याळ, पलीकडचं दार, तिथला तो मान वळवणारा. त्यापुढचा बंगला मात्र कायमचा अंधारात राहिला.

आता खेळायला बसलो तर पहिल्याच मिनिटाला बोटं अडखळली. मुलगी म्हणाली, "ती वळत का नाहीये नीट? ट्रक रिव्हर्स घेतोयस का?" या गेममध्ये 'वर'चं बटण दाबलं की त्या तुकडीतली जिल व्हॅलेंटाइन पडद्यावर वर जात नाही, तिचं तोंड जिकडे आहे तिकडे जाते. डावं-उजवं दाबलं की जागच्या जागी गिरकी घेते. खेळणारे याला 'टँक कंट्रोल्स' म्हणतात आणि आजची मुलं त्याला शिव्या देतात. पण त्यामागचं कारण मोठं मजेदार आहे.

त्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती दोन मेगाबाइट. आज फोननं काढलेला एक फोटो त्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत झुंबरं, जिने, गालिचे असलेला बंगला क्षणोक्षणी त्रिमितीत उभा करणं शक्यच नव्हतं. म्हणून खोल्यांची चित्रं आधीच तयार करून ठेवलेली आणि त्या स्थिर चित्रांवर हलणारी पात्रं, अशी युक्ती. १९९२ च्या 'अलोन इन द डार्क' या फ्रेंच गेमनं ती वाट आधीच दाखवली होती. चित्र स्थिर, म्हणजे कॅमेराही खिळ्याला टांगलेला. दोन पावलं टाकली की दृश्य बदलतं: आत्ता छतावरून, आता जमिनीलगत. दर दृश्याला 'डावं-उजवं' बदलत गेलं असतं तर खेळणारा भिंतींवर डोकं आपटत राहिला असता. दिशा पात्राच्या नाकाशी बांधून टाकली की तो प्रश्न मिटतो.

आणि अशा कॅमेऱ्याची दुसरी गंमत अशी, की काटकोनात वळणाऱ्या बोळात पलीकडचं काही दिसत नाही. पाय घासत चालल्याचा आवाज येतो, कण्हणं येतं. जिलला समोरचं दिसत असणार. आपल्याला दिसतं फक्त जिलचं तोंड. नाटकात विंगेतून आवाज यावा आणि रंगमंचावरच्या नटीनं दचकावं, तसं. इथं मुलगी पहिल्यांदा हसायची थांबली.

दारांचंही तसंच. प्रत्येक दार उघडताना पडदा काळा होतो आणि ते दार एकटंच हळूहळू, करकरत उघडतं. त्या कन्सोलची सीडी सेकंदाला जेमतेम तीनशे किलोबाइट वाचायची. पुढची खोली मेमरीत यायला वेळ लागे, तो या दारामागे लपवलेला आहे. ही दारं कॅपकॉमच्याच १९८९ च्या 'स्वीट होम' या गेममध्येही होती. तो तोकुरो फुजिवारांचा. नवा गेम त्यांनी शिंजी मिकामी या तरुण दिग्दर्शकाच्या हाती दिला आणि स्वतः निर्माते झाले. संगणक धापा टाकतोय ते लपवायला घातलेली दारं, पण ती उघडेपर्यंत माझाच श्वास अडकलेला.

संवादांबद्दल मात्र बोलायलाच नको. गणेशोत्सवातल्या नाटकाची पहिली तालीम बरी, इतके ते लाकडी. गंमत म्हणजे जपानी आवृत्तीतही आवाज इंग्रजीच होते, खाली जपानी ओळी. एका खोलीत छत खाली येऊ लागतं, जिलचा सहकारी बॅरी तिला बाहेर ओढतो आणि तिचं सँडविच होता होता वाचलं असा विनोद करतो. त्या वाक्यावर लोक अजून हसतात. मीही हसलो.

याउलट कागदावरचा मजकूर! एका खोलीत राखणदाराची डायरी सापडते. सुरुवातीला पहारेकऱ्यांबरोबर रात्री पत्ते कुटल्याची नोंद आहे, नेहमीची कुरकुर आहे. मग अंगाला खाज सुटल्याचं येतं. पुढे वाक्यं तुटू लागतात, क्रियापदं गळतात, शेवटी पानावर दोन-चार शब्द उरतात. माणसाचा झोंबी होताना आधी त्याचं व्याकरण जातं. रक्ताचा एक थेंब न दाखवता! धारप-मतकरींच्या भयकथांवर वाढलेल्या वाचकाला हे पान दाखवावं, तो मान डोलावेल.

तरी मला १९९९ साली ज्याची भीती वाटायची ते वेगळंच होतं आणि ते सापडलं दुसऱ्या रात्री, सामानाच्या पडद्यावर. जिलच्या जवळ आठ वस्तू मावतात. तिच्याऐवजी तिचा साथीदार ख्रिस याला घेऊन खेळलात तर सहाच. पिस्तूल एक घर, गोळ्या एक घर, किल्ली एक, औषधी पाल्याचं एक. गोळ्या मोजक्या. पाला मोजका: हिरव्यात लाल मिसळला तर पूर्ण बरं वाटतं, पण लाल एकटा कामाचा नाही. आणि खेळ साठवायचा तर टाइपरायटर शोधायचा आणि त्यात घालायला शाईची रिबीन हवी. एकदा साठवलं की एक रिबीन खर्ची पडली.

टाइपरायटरची रिबीन माझ्या घरात मोलाची वस्तू होती. वडील कचेरीतल्या सुकत आलेल्या रिबिनी उलट्या गुंडाळून पुन्हा चालवायचे. अक्षरं फिकट उमटायची, पण उमटायची. ही पोच जपानी गेममध्ये भेटेल असं वाटलं नव्हतं. रिबिनी चार असल्या की मन म्हणतं, अजून दोन खोल्या बघू, मग साठवू. आणि त्या दोन खोल्यांतच खरी भीती आहे. झोंबी हा नुसता वसुलीला आलेला माणूस. धाक असतो तो चाळीस मिनिटांची कमाई बुडण्याचा. जुना कन्सोल भासवणाऱ्या प्रोग्रॅमांत हवं त्या क्षणी साठवता येतं. तसं खेळून पाहा, सगळा बंगला अर्ध्या तासात गोडाऊन होतो.

मिकामींना हे पक्कं कळलं होतं. २००२ साली त्यांनीच हा गेम निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी नव्यानं घडवला. मूळ गेममध्ये एका बोळात खिडकी फोडून कुत्रा अंगावर येतो. ज्यानं तो गेम खेळला त्याला ती खिडकी जन्मभर आठवते. नव्या आवृत्तीत जुने खेळाडू पिस्तूल रोखून त्या बोळात शिरले, तर काचेला नुसता तडा गेला. कुत्रा नाहीच. तो येतो नंतर, तुम्ही खिडकी विसरल्यावर. शिवाय नव्या खेळात मारून टाकलेला झोंबी काही काळानं जास्त चपळ, लालभडक होऊन उठतो. तो उठू नये म्हणून डोकं उडवायचं किंवा रॉकेल ओतून जाळायचं. रॉकेल अर्थातच बाटलीभर, ठरावीक ठिकाणीच मिळणार, आणि बाटली नि लायटर मिळून जिलच्या सामानाची दोन घरं अडवणार. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तिसऱ्या रात्री मुलगी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. किराणा यादीच्या पाठीमागे तिनं पेन्सिलीनं लिहायला घेतलं: हिरवा पाला २, लाल १, पिस्तुलाच्या गोळ्या ११, रिबिनी ४. "हा मारू नकोस, वळसा घाल. तीन गोळ्या वाचतात." मी वळसा घातला. जिल लंगडत होती, सामानाच्या पडद्यावर हृदयाची रेघ लाल झाली होती. टाइपरायटरची खोली समोर होती. "साठवायचं?" मी विचारलं. तिनं यादीकडे पाहिलं. "एवढ्यात नको. शेजारची खोली बघून येऊ."

करकरत दार उघडलं, आणि लाइट गेली.

शेजारच्या इमारतीतून कुणीतरी ओरडलं. संगणकाचा पंखा घरघरत थांबला. बराच वेळ आम्ही दोघं काळोखात तशीच बसून होतो.

"किती होत्या आपल्याकडे?" तिनं विचारलं.

"चार."

"हं," ती म्हणाली, आणि टेबलावर चाचपडत पेन्सिल शोधू लागली.