रंगाआधी घासणी, रंगानंतर ताप : मोटारसायकलच्या बेंड पाईपचा गंज असा रोखा

पावसाळा ओसरू लागला की गोव्यातील गॅरेजांसमोर दुचाक्यांची गर्दी वाढते. चेन, ब्रेक आणि वायरिंगच्या तक्रारींसोबत आणखी एक तक्रार हमखास असते. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या वाकड्या नळीला, म्हणजेच बेंड पाईपला, गंज चढलेला असतो. काही जण ही केवळ दिसण्याची बाब समजून दुर्लक्ष करतात, तर काही जण हाती लागेल तो काळा रंग मारून मोकळे होतात. पहिल्यांच्या पाईपला काही पावसाळ्यांत भोक पडते, दुसऱ्यांचा रंग थोड्याच दिवसांत पापुद्रे धरून गळतो. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर दिवसभर प्रवासी वाहणाऱ्या पायलटसाठी तर गाडीचा गॅरेजमधला प्रत्येक दिवस बुडालेल्या कमाईचा असतो.

गंज बाहेरून आणि आतूनही

लोखंडाला पाणी आणि प्राणवायू एकत्र मिळाले की गंज तयार होतो. त्यात मीठ मिसळले की ही क्रिया कितीतरी वेगाने होते. किनारपट्टीच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण सतत असतात. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भूमीत ओलाव्याचीही वाण नाही. ॲल्युमिनियमवर तयार होणारा थर घट्ट बसून आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो सच्छिद्र असतो, मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो आणि खपल्या होऊन गळतो. खाली उघडा पडलेला धातू पुन्हा गंजतो.

बेंड पाईपवर हा मारा दुहेरी होतो. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे नऊशे मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात पाईप पुरेसा तापतो आणि ही वाफ बाहेर पडते. घरातून बाजारात आणि बाजारातून घरी एवढीच गाडी फिरत असेल, तर वाफेचे पाणी होऊन ते पाईपमध्ये आणि सायलेन्सरच्या तळाशी साचते. बाहेरून कितीही उत्तम रंग दिला तरी हा आतला गंज त्याने थांबत नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

भोक पडल्यास

पाईपला भोक पडले की पहिल्यांदा आवाज वाढतो, पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. बीएस-६ गाड्यांमध्ये धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर चुकीचा अंदाज देतो आणि इंजिनाला गरजेपेक्षा अधिक पेट्रोल मिळते. परिणामी मायलेज घटते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणाऱ्या वाहनावर कारवाई होऊ शकते.

आधी पाईप ओळखावा

साध्या पोलादाचा, काळ्या रंगाचा पाईप असेल तर रंग हाच उपाय. क्रोमचा मुलामा असलेल्या पाईपवर केवळ ठिपके आले असतील, तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, म्हणून मुलामा सुटू लागला असेल तरच तो पूर्ण खरवडून रंगवावा. स्टेनलेस स्टीलच्या पाईपवर दिसणारी निळसर-सोनेरी छटा हा गंज नव्हे, तो उष्णतेचा परिणाम असतो. त्यावर रंग देण्याची गरज नाही.

गंजलेला भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. धातू दबत असेल किंवा खपल्यांखाली भोक दिसत असेल, तर रंगावर खर्च न करता वेल्डिंग करून घ्यावे किंवा पाईपच बदलावा.

निम्मे काम घासण्यात

इंजिनाच्या तोंडाशी बेंड पाईपचे तापमान कित्येकशे अंशांपर्यंत जाते. साधा ऑइलपेंट त्याआधीच करपतो. त्यासाठी सिलिकॉन रेझिनचा, सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा उष्णतारोधक रंग घ्यावा. तो स्प्रेच्या डब्यात मिळतो. साधा प्रायमर वापरू नये. तो जळाला की वरचा चांगला रंगही सोबत निघतो.

पाईप पूर्ण थंड झाल्यावर, शक्य असल्यास काढून, साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. वायर ब्रशने खपल्या काढाव्यात. नंतर ८० किंवा १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासावे आणि शेवटी २२० क्रमांकाचा हात फिरवावा. धूळ पुसून थिनर किंवा ॲसिटोनने तेलकटपणा काढावा. रॉकेल वापरू नये, कारण त्याचा तेलकट थर मागे राहतो. यानंतर उघड्या हाताने पाईपला स्पर्श करू नये. घासलेला धातू रात्रभर तसाच ठेवला तर सकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो, म्हणून रंग त्याच दिवशी द्यावा.

सेन्सर, त्याची वायर आणि जोडाची तोंडे चिकटपट्टीने झाकावीत. एकच जाड हात देण्याऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेले अंतर पाळावे. दमट हवेत रंग धरत नाही. गोव्यात या कामासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीमधील कोरडी दुपार सर्वांत चांगली.

रंग पक्का होतो तो तापल्यावर

बहुतेकांची चूक इथेच होते. हा रंग केवळ वाळून पक्का होत नाही, त्याला टप्प्याटप्प्याने ताप द्यावा लागतो. डब्यावर वेगळी सूचना नसेल तर रंग पूर्ण वाळल्यावर इंजिन आधी काही मिनिटे चालवून थंड होऊ द्यावे. मग थोडा अधिक वेळ चालवून पुन्हा थंड करावे आणि तिसऱ्या वेळी छोटी फेरी मारावी. या वेळी थोडा धूर आणि वास येतो. हे काम उघड्यावरच करावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास साचणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो, आणि तो जीवघेणा ठरतो.

पुढची काळजी

समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर पाईप थंड होऊ द्यावा आणि साध्या पाण्याने धुवावा. तापलेल्या पाईपवर पाणी ओतू नये. धुतल्यानंतर गाडी थोडी फिरवून ओल घालवावी. सायलेन्सरच्या तळाशी पाणी निघण्यासाठी बारीक छिद्र असेल तर ते चिखलाने बुजलेले नाही ना, हे पाहावे. पाईपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची हौस आपल्याकडच्या पावसात महागात पडते, कारण पट्टीखाली ओल कोंडून राहते. रोज जवळपासच फिरणारी गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवावी. आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याचा तेवढाच सोपा मार्ग आहे.