टॉवरवरचा वाढपी

हवेतल्या वाटा : भाग ७

फोनवर बातमी वाचत बसलेला माणूस बहुतेक वेळ नेट वापरतच नसतो. बोट टेकवलं की सेकंदा-दोन सेकंदांत माहितीचा लोंढा येतो. मग तो दोन मिनिटं वाचतो, आणि तेवढा वेळ हवेतून त्याच्यासाठी जवळजवळ काहीच येत नाही. पुन्हा बोट, पुन्हा लोंढा, पुन्हा शांतता.

मागच्या भागात पाहिलेलं संभाषण असं नसतं. ते नळाच्या बारीक धारेसारखं अखंड वाहतं. म्हणून जीएसएम या मोबाइल तंत्रात २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्याचे वेळेनुसार आठ कप्पे पाडले आणि बोलणाऱ्याला एक कप्पा फोन ठेवेपर्यंत राखून दिला. अडचण झाली ती १९९० च्या दशकात याच कप्प्यातून डेटा जाऊ लागला तेव्हा. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट आणि आकारणी मिनिटांवर. माणूस वाचत असला तरी कप्पा अडलेला आणि मीटर चालू.

पुढे जीपीआरएस या डेटासाठीच्या पद्धतीने हे राखीव पान उचललं. कप्पा कुणाच्याच नावावर राहिला नाही. दर २० मिलिसेकंदांच्या तुकड्यासोबत टॉवर तीन बिटांची एक खूण प्रसारित करतो. ती ज्याची असेल, त्या फोनने पुढच्या तुकड्यात आपली माहिती वर पाठवायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं. तीन बिटांत आठ खुणा बसतात, म्हणून एकाच कप्प्यावर सात-आठ फोन सुखाने नांदू शकतात. युक्ती अगदी छोटी आहे, पण तिच्यामुळे चॅनेल मालकीचा न राहता पाळीचा झाला.

आता पाळी द्यायची कुणाला? सगळं मर्म याच प्रश्नात आहे.

वाढपी ओळखीचा असला की पंगतीच्या टोकाला बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. टॉवरवरच्या वाढप्याला शेड्यूलर म्हणतात, आणि त्याच्या ओळखीचं कुणीच नसतं. त्याला दिसतात फक्त आकडे. प्रत्येक क्षणी ज्याचा सिग्नल सर्वांत चांगला त्यालाच वाढायचं ठरवलं, तर टॉवरमधून एकूण माहिती सर्वाधिक जाते, पण लांबच्या वस्तीतला माणूस उपाशी राहतो. सर्वांना सारखीच माहिती द्यायची ठरवली, तर वेगळाच पेच पडतो. क्वालकॉम या कंपनीने विकसित केलेल्या ईव्ही-डीओ या तंत्रात सर्वांत कमी वेग सेकंदाला ३८.४ किलोबिट होता आणि सर्वांत जास्त २,४५७.६. दोन टोकांच्या दोघांना सारखं माप घालायचं, तर दूरच्यावर चौसष्ट पट वेळ खर्ची पडणार आणि टॉवरखालचाही ताटकळणार.

यातून वाट निघाली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस. बर्कलेचे प्राध्यापक डेव्हिड त्से यांनी क्वालकॉमच्या याच तंत्रासाठी एक नियम सुचवला. या क्षणी फोनला किती वेग झेपेल हा आकडा घ्यायचा, त्याला अलीकडे सरासरी किती वेग मिळाला त्याने भागायचं, आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला पाळी द्यायची. समजा, टॉवरजवळच्या फोनला आत्ता १,००० किलोबिट झेपतात आणि त्याची सरासरी ८०० आहे. भागाकार सव्वा. दूरच्याला २०० झेपतात, सरासरी १०० आहे. भागाकार दोन. पाळी दूरच्याची! पाचपट कमी वेग असूनही तोच जिंकला, कारण त्याच्या स्वतःच्या हिशेबात हा क्षण उत्तम होता.

असे क्षण येतात तरी किती? १९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १६ सेंटिमीटर. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे फोन चार बोटं सरकला तरी सिग्नल शिखरावरून दरीत जाऊ शकतो. अभियंत्यांनी वर्षानुवर्षं या चढउताराशी झुंज दिली होती. या नियमाने त्यालाच कामाला लावलं. ईव्ही-डीओमधला फोन आपल्याला किती वेग झेपेल हे सेकंदाला ६०० वेळा कळवत असे. पंगत जितकी मोठी, तितकी त्या क्षणी कुणी ना कुणी शिखरावर असण्याची शक्यता जास्त.

आणि फोन टेबलावर निपचित पडला असेल तर? त्याचा सिग्नल हलतच नाही. त्यावर त्से, प्रमोद विश्वनाथ आणि राजीव लारोइया यांनी २००२ मध्ये सुंदर उत्तर दिलं: टॉवरवर दोन अँटेना लावून त्यांचा मेळ मुद्दामच सावकाश बदलत ठेवायचा, म्हणजे स्थिर फोनलाही शिखरं आणि दऱ्या मिळतील. सिग्नल मुद्दाम डळमळीत करून सर्वांचा फायदा करण्याची ही कल्पना आजही चकित करते.

भारतात लॅपटॉपला लावलेले टाटा फोटॉन प्लसचे डाँगल याच ईव्ही-डीओ घराण्यातले होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हटली पाहिजे. भागाकाराचा हा नियम ढोबळमानाने वेळ सारखा वाटतो, माहिती सारखी वाटत नाही. दूरच्या फोनला त्याच्या चांगल्या क्षणी पाळी मिळते, पण त्याचा चांगला क्षणही जवळच्याच्या वाईट क्षणाहून तोकडा असू शकतो. ही उणीव कुठलाही भागाकार भरून काढत नाही. तिथे जवळ टॉवरच उभा करावा लागतो.

फोरजीत, म्हणजे एलटीईत, वाटणी आणखी बारीक झाली. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १८० किलोहर्ट्झचे १०० तुकडे असतात आणि त्यांचं वाटप दर मिलिसेकंदाला नव्याने होऊ शकतं. गंमत म्हणजे, पूर्णपणे डेटासाठी बेतलेल्या या जाळ्यात आवाजालाही जागा शोधावी लागली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच, तिथे प्रत्येक संभाषण फोरजीतूनच जाणार होतं. बोलताना दर २० मिलिसेकंदांना एक छोटं पाकीट निघतं. प्रत्येक पाकिटासाठी वेगळी पाळी पुकारणं महागडं, म्हणून एलटीईच्या नियमांत ठरावीक अंतराने येणारी जागा आधीच नेमून देण्याची सोय आहे. जुना राखीव कप्पा अशा रीतीने मागच्या दाराने परत आला.

पण हा वाढपी पंगतीत बसलेल्यांनाच वाढतो. झोपेतून जागा झालेला फोन, ज्याची टॉवरकडे नोंदच नाही, तो हाक कशी मारणार? त्यासाठी एलटीईत ६४ सांकेतिक हाका ठरलेल्या आहेत. नवखा फोन सहसा त्यांतली एक स्वतःच निवडून देतो. दोघांनी एकाच वेळी एकच हाक दिली, तर टक्कर होते आणि पुन्हा प्रयत्न करावा लागतो. हीच पद्धत १९७१ मध्ये नॉर्मन अब्रामसन यांनी हवाईच्या बेटांवरचे संगणक जोडताना वापरली होती. भरलेल्या स्टेडियममध्ये विकेट पडते, हजारो फोन एकदम जागे होतात आणि पहिली कोंडी याच दारात होते. पुढच्या आठवड्यात जायचं आहे त्या दाराशी, म्हणजे हवाई बेटांवरच्या अलोहानेटकडे.