लवकर उगवलेलं बी

येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी चार ठिकाणी पडतं: वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या मातीत. चटकन उगवतं ते खडकाळ जागेतलं. कारणही तिथेच दिलंय : माती खोल नव्हती म्हणून! माती कमी, म्हणून उगवण लवकर. हे कसं?

उमरखेडच्या शेतकऱ्याला हे समजावून द्यावं लागत नाही. तालुक्यात पैनगंगेकाठी काळी भारी जमीन, तर डोंगरउताराला मुरमाड बरड. मिरगाचा हलका पाऊस पडला की बरडावर वाफसा आधी येतो. काळी माती ओंजळभर जागेतही खूप पाणी धरून ठेवते, त्यामुळे तेवढाच पाऊस तिच्यात फार खोल उतरत नाही. मुरमाचा पातळ थर मात्र तळापर्यंत भिजतो आणि उन्हाने लवकर तापतो. ओल आणि ऊब मिळाली की बी उठतं. पण पातळ थरातली ही ओल टिकत नाही. म्हणूनच 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो.

खरं नवल तर पुढेच आहे. सोयाबीनचं बी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याएवढं पाणी पितं, मग फुटतं. आधी मूळ खाली जातं, नंतर अंकुर वर येतो. वर आलेलं रोप पहिला आठवडा-दहा दिवस जगतं ते मुख्यतः आपल्या दोन दलांत बांधून आणलेल्या शिदोरीवर. त्या दिवसांत बरडावरचं रोप आणि काळ्या रानातलं रोप शेजारी ठेवलं, तर फरक ओळखता येणार नाही. कापसाची दोन दलं वर उघडेपर्यंत त्याचं सोटमूळ खाली वीतभर गेलेलं असू शकतं, पण ते कुणाला दिसतं? पावसाने खंड दिला की दिसतं. मग बरडावर दुबार पेरणी.

खडकाळ जमीन म्हणजे वचन आनंदाने स्वीकारणारी, पण मूळ नसलेली माणसं, असा अर्थ येशूच उलगडतो. पुष्कळदा हे वाचताना त्या माणसांचा आनंद वरवरचा ठरवला जातो. मला ते पटत नाही. पहिली हिरवाई अगदी खरी असते, फक्त ती बियाने आणलेली असते. मातीने अजून काही दिलेलं नसतं. पहिल्या वारीची, पहिल्या उपासाची, पहिल्या प्रार्थनेची गोडी अशीच आयती मिळते. ती सरल्यावर, काहीच गोड लागत नसताना कुणी आजारी सासूची सेवा करत राहतं, रोजची प्रार्थना चुकवत नाही, तेव्हा मूळ खाली चाललेलं असतं.

कवी नारायण वामन टिळकांचं असंच झालं. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवलं. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले, पण बाप्तिस्मा घेतला तो 10 फेब्रुवारी 1895 ला. मधला काळ शंकांचा, वाचनाचा, घरच्यांच्या दुःखाच्या धास्तीचा. पुढे त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळींना भजनं आणि अभंग दिले, ते चर्चमध्ये आजही गायले जातात.

दाखल्याचा शेवट सुगीचा आहे. चांगल्या मातीतही कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट. सोयाबीनच्या जोमदार झाडाला चाळीस-पन्नास शेंगा धरतात, शेंगेत दोन-तीन दाणे; म्हणजे अशा झाडावर एका दाण्याचे शंभर दाणे होऊ शकतात. आणि तीसपट देणारी मातीही येशूने चांगल्या मातीतच मोजली आहे.