मूत्रांतील जंतू : शत्रु कीं केवळ बिऱ्हाडकरू?

द्वारकेच्या चौकांत मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याकडे जाणारा रस्ता यांची गांठ पडते. त्या चौकाजवळील एका औषधांच्या दुकानांत गेल्या उन्हाळ्यांत आम्ही हातांत एक कागद घेऊन उभे होतों. आमच्या वृद्ध मातोश्रींचा मोतीबिंदु काढावयाचा होता. त्यापूर्वीं झालेल्या लघवीच्या तपासणींत 'एका मिलिलिटरांत १,००,००० हून अधिक जंतू' असें लिहून आलें होतें. तो आंकडा पाहून आमचें धैर्य खचलें, व डॉक्टरांस न विचारतांच गोळ्या मागण्याची दुर्बुद्धि झाली. दुकानदारानें डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, म्हणून आम्हांस मागें फिरावें लागलें. डॉक्टरांनीं कागद बाजूस ठेवून मातोश्रींस विचारलें, "आजी, लघवीला जळजळ होते का? ताप, थंडी? ओटीपोटांत दुखतें का?" तिन्ही प्रश्नांस "नाहीं" असें उत्तर आलें. तेव्हां ते म्हणाले, "मग गोळ्या कशाला? आम्ही माणसाला औषध देतों, कागदाला नव्हे."

या बोलण्यामागील शास्त्र आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस समजावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मूत्रांत बहुधा आढळणारा जंतु म्हणजे ई. कोलाय. थिओडोर एशेरिख या वैद्यानें १८८५ सालीं त्याचें वर्णन केलें. तो आपल्या आंतड्यांत नेहमींच राहतो, व तेथून कधीं कधीं मूत्रमार्गानें मूत्राशयांत शिरतो. तेथें त्यानें दाह उत्पन्न केला, तर तो रोग होय. परंतु पुष्कळांच्या मूत्राशयांत तो कांहींएक उपद्रव न देतां महिनेच्या महिने बिऱ्हाड करून असतो. यास लक्षणरहित जंतुमूत्रता म्हणतां येईल. वय वाढतें, तसें हिचें प्रमाणही वाढतें. निरोगी तरुण स्त्रियांत तें शंभरांत १ ते ५ असतें; सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांत शंभरांत १० हून अधिक. ज्यांस दीर्घकाल लघवीची नळी घातलेली असते, अशा बहुतेक सर्वांच्या मूत्रांत जंतू सांपडतात.

मग त्या लाखाच्या आंकड्याचा अर्थ काय? बॉस्टन येथील एडवर्ड कॅस यांनीं १९५६ च्या सुमारास ही मर्यादा सुचविली. जंतू खरोखर मूत्राशयांतील आहेत, कीं नमुना घेतांना त्वचेवरून मिसळले, हें ओळखण्याचें तें साधन होतें. तो आंकडा जंतूंचें ठिकाण सुचवितो. मनुष्य आजारी आहे कीं नाहीं, हें सांगत नाहीं. उलट, ज्यास स्पष्ट त्रास होत आहे, त्याच्या बाबतींत याहून लहान आंकडाही महत्त्वाचा ठरतो.

शिवाय नमुना नीट घेतलेला असावा लागतो. हात व अंग स्वच्छ धुवून, पहिली धार सोडून द्यावी व मधली धार निर्जंतुक बाटलींत धरावी. ती तासा-दोन तासांत प्रयोगशाळेंत पोहोंचवावी, अन्यथा थंड जागीं ठेवावी. याचें कारण आमचे विद्यार्थी गणितानें काढूं शकतील. अन्न व ऊब अनुकूल असल्यास ई. कोलाय सुमारें २० मिनिटांत दुप्पट होतो. त्या हिशेबानें एका जंतूचे २ तासांत ६४, आणि ४ तासांत ४,०९६ होतील. नाशिकच्या वैशाखांत दुपारभर उघड्यावर राहिलेली बाटली खोटी साक्ष देईल, यांत नवल तें काय?

त्रास नसतांही उपचार अवश्य करावा, असे प्रसंग मोजके आहेत. पहिला गरोदरपणाचा. गर्भवतीच्या मूत्रांतील जंतूंकडे दुर्लक्ष केल्यास शंभरांतील २० ते ३५ जणींस मूत्रपिंडाचा दाह होऊं शकतो. उपचारानें हें प्रमाण १ ते ४ वर येतें. दुसरा, मूत्रमार्गाच्या आंतील त्वचेस इजा पोहोंचेल अशा शस्त्रक्रियेचा. इतर निरोगी प्रौढ, वृद्ध व मधुमेही यांस केवळ जंतू सांपडले म्हणून औषध देऊं नये, असें अमेरिकेतील संसर्गरोग-तज्ज्ञांच्या संस्थेनें २०१९ सालीं पुनः सांगितलें आहे.

"घेतल्या चार गोळ्या, तर बिघडलें काय?" असें कोणी विचारील. बिघडतें तें असें : या औषधांनीं आंतड्यांतील उपयुक्त जंतूही मरतात व हगवण लागते, आणि जे जंतू त्यांतून वांचतात, ते त्या औषधास दाद देईनासे होतात. पुढें खरें दुखणें आलें, म्हणजे तेंच औषध निकामी ठरतें. यास्तव आपल्या देशांत २०१४ सालापासून अशा अनेक औषधांच्या विक्रीवर विशेष निर्बंध आहेत, व त्यांच्या पाकिटावर तांबडी रेघ असते.

मात्र याचा विपरीत अर्थ कोणीं घेऊं नये. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप अथवा कुशींत वेदना असल्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें. घरांत गर्भवती असल्यास तिची तपासणी चुकवूं नये. कागदाचा अर्थ डॉक्टरांनीं लावावा. आपण त्यांस रोग्याचा त्रास खरा खरा सांगावा.

आमच्या मातोश्रींची शस्त्रक्रिया त्या जंतूंसाठीं एकही गोळी न घेतां पार पडली. त्या आतां सायंकाळीं खिडकीपाशीं बसून वाचतात. ते बिऱ्हाडकरू कदाचित् अजूनही असतील. परंतु ते भांडत नाहींत, तोंवर आम्हीही त्यांस छेडीत नाहीं.