तळ्यापर्यंतची वायर

वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की खारेपाट सुरू होतो. भाताची खाचरं, खाडीचं पाणी अडवणारे बांध, आणि घराशेजारी तळं. भरावासाठी माती उचलली, त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं, अशी इथली कितीतरी तळी आहेत. त्यांत लोक जिताडा पाळतात. खाडीत पावसाळ्यात मिळणारं त्याचं पिल्लू गोड्या पाण्यातही वाढतं आणि दोन-तीन वर्षांत चांगलं भरतं. मी याच भागात वायरिंगची कामं करतो. हल्ली ‘तळ्यावर लाइन न्यायची आहे’ म्हणून बरीच बोलावणी येतात. गरज खरी आहे. तळ्यातला प्राणवायू रात्रभर घटत जातो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. सलग ढगाळ हवा असली की मासा तोंड वर काढून धापा टाकतो. तेव्हा पंप लावून पाणी उडवलं तर तो वाचतो.

पण त्या पंपासाठी घरातून निघालेली वायर बहुधा दोन तारांची असते, कुंपणाला नाहीतर शेवग्याच्या फांदीला बांधलेली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, माड आणि विजेचे खांब आडवे झाले, तेव्हापासून लोक म्हणू लागले, "वायर जमिनीखालून घ्या." म्हणणं बरोबर आहे. फक्त आमची जमीन साधी नाही. खाऱ्या, ओल्या मातीतून वीज सहज वाहते. वायरची साल फाटली, तर कोरड्या मुरमात गळेल त्याच्या कितीतरी पट करंट इथं गळतो, आणि वर काहीच दिसत नाही.

मालक बोर्डाकडे बोट करतात, "एमसीबी आहे ना!" इथं मी हातातलं काम ठेवतो आणि नीट समजावून सांगतो. एमसीबी असते वायर जळू नये म्हणून. 6 अँपिअरची एमसीबी 6 अँपिअरच्या पुढं लोड गेला तरच पडणार. माणसाला 10 मिलीअँपिअरच्या आसपासच पकडलेली वस्तू सोडवत नाही, आणि 30 च्या वरचा करंट छातीतून जात राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. 30 मिलीअँपिअर म्हणजे 6 अँपिअरचा दोनशेवा भाग. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. भारतात विजेच्या धक्क्यानं वर्षाला 10,000 हून अधिक माणसं जातात.

माणसासाठी आहे ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच ती बघते. फरक पडला म्हणजे मधे कुठंतरी वाट फुटली आहे: मातीत, पाण्यात किंवा कुणाच्या अंगातून. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी अशा वेळी क्षणात लाइन तोडते. तळ्यासाठी ती वेगळी लावावी, म्हणजे तिकडं काही झालं तरी घरात अंधार होत नाही. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबावं. दाबून पडली नाही तर ती बदलायची. ‘पावसात सारखी पडते, काढून टाका,’ असं सांगणारे भेटतात, तेव्हा मला फार काळजी वाटते. ती पडते म्हणजे कुठंतरी करंट गळतो आहे. गळती शोधायची की पहारेकरी काढायचा?

आणि अर्थिंगची तिसरी तार हवीच. ती असली तर पंपाच्या अंगात करंट उतरताच आरसीसीबी पडते. नसली तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत ती थांबून राहते. काही ठिकाणी घरातून नुसता फेज नेतात आणि न्यूट्रल म्हणून तळ्याकाठी लोखंडी सळई ठोकतात. खाऱ्या जमिनीत पंप चालतोही. पण त्या सळईभोवतालची ओली जमीनच जिवंत होते. अनवाणी पायानं तिथून जाणाऱ्या बाईचं काय, गुराचं काय? असं काम दिसलं तर मी आधी ते बंद करतो, मग बोलतो.

खोदाईला मला दिवाळीनंतरचे दिवस बरे वाटतात. पावसाळ्यात चर पाण्यानं भरतो, मे महिन्यात कुदळ उडते. केबल आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची, तीन कोअरची. साधी वायर पीव्हीसी पाइपात घालून भागत नाही, कारण ही माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते आणि पाइपाचे सांधे निखळतात. बांधाला खेकडे आणि उंदीर भोकं पाडतात ते वेगळंच. भारतीय मानकाप्रमाणे अशी केबल पाऊण मीटर खोल हवी. खाली-वर वाळूचा थर, तीही नदीची, खाडीची नको. वर विटा आडव्या, त्यावर माती. केबल थोडी ढिली, नागमोडी टाकायची. आर्मर बोर्डाकडं अर्थला जोडायचा. मधे जॉइंट अजिबात नाही. लांबी कमी पडली तर नवी केबल आणा, टेप गुंडाळून पुरू नका. चर बुजवण्याआधी केबलचं इन्सुलेशन तपासायला मेगर लावायचा. 500 व्होल्टवर निदान 1 मेगओहम दाखवायलाच हवा. नव्या केबलला त्याहून कितीतरी जास्त येतो.

तळ्याजवळची पेटी काठापासून 2 मीटर मागं, खांबावर. किती उंच? 26 जुलै 2005 च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते घरातल्या आजीला विचारतो आणि त्याच्या वर लावतो. केबल पेटीत खालूनच, ग्लँड आवळून. पाण्यात दिवे हवे असतील तर 12 व्होल्टचे, आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर घरात.

आमचा पेण तालुका गणपतीचा. दीड दिवसाच्या बाप्पाला निरोप द्यायला घरची पोरं याच तळ्यात उतरतात. त्या संध्याकाळी आरसीसीबीच्या भरवशावर राहू नये. तळ्याची लाइन मेनला बंद करून पंपाचा प्लग काढून ठेवावा. उजेडाला बॅटरी पुरते.

काम संपलं की केबल कुठून गेली याचा नकाशा काढून बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवतो: चिंचेपासून किती फूट, न्हाणीच्या कोपऱ्यापासून किती. पुढं कुणी माडाला आळं करायला कुदळ घेतली, तर आधी तो बघता येतो.